उल्कावीरला वजन नसतं

"तुम्हाला उल्कावीर दिलाय," कारखानीस सर म्हणाले आणि मुलगी पसंत पडल्याचा निरोप घेऊन आलेल्या मध्यस्थासारखे आमच्या तोंडाकडे बघत राहिले.

मी भूपालदादांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर पुरुषभर उंचीचा उल्कावीर लावलेला होता. केशरी अंगरखा, छातीवर जळती शिळा, एक मूठ पुढे, पाय मागे आणि खाली काड्यापेट्यांएवढं शहर.

"सर," भूपालदादा म्हणाले, "ह्याला धरलंय कुणी?"

"म्हणजे?"

"न्हाई, हा असा आडवा हाय. खाली काय न्हाई, वर काय न्हाई. मग पडत का न्हाई?"

कारखानीस सर अगदी मनापासून हसले. "मगदूम, तो उडतोय!"

"हां," भूपालदादा म्हणाले. "उडतोय होय."

ते थट्टा करत नव्हते. पण खोलीतले बाकीचे हसले, म्हणून मीही हसले. मला त्या दिवशी कशाचंही हसू येत होतं.

सूर्यरथ कॉमिक्सची ती कचेरी अंधेरीत होती. सूर्यरथची पुस्तकं एकेकाळी प्रत्येक एसटी स्टँडवर आणि प्रत्येक केशकर्तनालयात असायची. नंतरची मुलं टीव्हीवरच्या परदेशी वीरांच्या नादी लागली आणि उल्कावीर, रुद्रमणी, महाकाया ही मंडळी गोदामात पडून राहिली. त्यांच्यात जीव आणायचा म्हणून संपादक प्रद्युम्न कारखानीस यांनी एक कल्पना काढली. स्वतःच्या हिमतीवर, झेरॉक्स काढून कॉमिक्स करणारी आमच्यासारखी माणसं गावोगावी होती. त्यांना बोलवायचं आणि प्रत्येकाला एकेक जुना वीर द्यायचा. मालकांना ही गोष्ट पटवताना सरांच्या नाकी नऊ आले होते म्हणे. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एका बाजूला वीरांची नावं होती, दुसऱ्या बाजूला आमची, आणि वधूवर सूचक मंडळात बसल्यासारखे आम्ही भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलो होतो. भुताखेतांच्या गोष्टी काढणाऱ्या नागपूरच्या एका मुलाला महाकाया मिळाली. गोव्याच्या दोन बहिणी रुद्रमणी घेऊन लाजत बाहेर पडल्या. मग आम्हाला टेबलापाशी बोलावलं होतं.

आमच्या कॉमिक्सचं नाव 'व्हरांडा'. मी तेव्हा मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर होते. मिरजेला कोकणातून, विजापूरकडून, बेळगावकडून पेशंट येतात. पेशंट आत असतो आणि त्याची माणसं बाहेर व्हरांड्यात राहतात. तिथंच झोपतात, तिथंच भांडतात, तिथंच पोरींची लग्नं ठरवतात. खिडकीतून जे ऐकू येई ते मी लिहून ठेवत असे, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. भूपाल मगदूम हे बोर्ड रंगवणारे पेंटर. बाजारात फ्लेक्स आल्यावर त्यांच्याकडे येणारं काम आटत चाललं होतं. 'शांतता राखा' आणि 'क्ष-किरण विभाग' रंगवायला ते आमच्याकडे आले आणि जेवणाच्या सुट्टीत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर व्हरांड्यात झोपलेल्या माणसांची चित्रं काढू लागले. एकदा मी मागे उभी राहून बघितलं. सोलापुरी चादरीखाली एक म्हातारा झोपला होता. एवढंच चित्र, पण त्याच्याखालची फरशी किती गार आहे ते मला समजलं. त्या म्हाताऱ्याचं वजन त्या कागदावर होतं. उचलायला गेलं तर दोन माणसं लागली असती.

तिथून 'व्हरांडा' सुरू झाला. मी गोष्ट लिहायची, भूपालदादांनी काढायची. त्यातली मुख्य बाई बायक्का, अथणीकडची. नवऱ्याला घेऊन आली, नवरा वारला, आणि ती गावी परत गेलीच नाही. व्हरांड्यातच राहिली, दुसऱ्यांच्या पेशंटांवर लक्ष ठेवत. सहा अंक काढले आम्ही. स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे ठेवायचो, कुणी मागितला तर पोस्टानं पाठवायचो. त्यातला एक फिरत फिरत कारखानीस सरांपर्यंत गेला.

"आईला वाचून दाखवला मी," सर त्या दिवशी म्हणाले. "ती हॉस्पिटलात होती. रोज विचारायची, बायक्का गेली का गं गावाला? मला 'गं' म्हणायची शेवटी शेवटी." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "उल्कावीर तीस वर्षं नुसता उडतोय. कुणासाठी थांबलाय असं एकदाही झालेलं नाही. तुम्ही त्याला थांबवा. बारा पानांचा नमुना द्या. मालकांना पटला की उल्कावीर तुमचा, आणि 'व्हरांडा'चं जाड पुस्तक मी स्वतः काढतो."

परतताना त्रिशलावहिनींनी बांधून दिलेल्या दशम्या आम्ही एसटीत खाल्ल्या. वहिनी म्हणजे भूपालदादांची बायको. शिळ्या झालेल्या दशम्या इतक्या गोड लागलेल्या मला आठवत नाहीत.

"जयू," भूपालदादा घाटात म्हणाले, "आपलं नाव छापून येणार. पानाच्या खाली न्हाई, वर."

"तुमचं आधी," मी म्हणाले.

"तुझं आधी. गोष्ट आधी असती, चित्र मागनं येतंय."

गोष्ट मी चार-पाच दिवसांतच लिहिली. उल्कावीर एका पोराला पडत्या इमारतीतून वाचवतो आणि आमच्या हॉस्पिटलात आणून पोचवतो. पोराला आत नेतात, दार बंद होतं. आता उल्कावीरनं काय करायचं? दार तोडता येतं, पण तोडून उपयोग नाही. आकाश फाडता येतं, त्याचाही उपयोग नाही. तो व्हरांड्यात उभा राहतो. लोक त्याच्या केशरी अंगरख्याकडे बघतात आणि पुन्हा आपल्या काळजीत पडतात. मग बायक्का त्याला विचारते, "जेवलास का रे?" तीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलं नसतं.

कारखानीस सरांना मी फोनवर वाचून दाखवली. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं फोन तुटला.

"सर?"

"आहे, आहे," ते म्हणाले. "आता मगदूमना म्हणावं, काढा."

भूपालदादा पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत काम करत. खालची गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं, म्हणून ते गिरणी बंद असेल तेव्हाच रेघ ओढत. व्हरांड्याची पानं त्यांनी अशी काढली की मी ती हातात घेऊन नुसती बसून राहिले. पण उल्कावीर जमेना. जमिनीवर असला की ठीक, उलट फार चांगला. उडायला लागला की तारेवर वाळत घातलेल्या कपड्यासारखा दिसायचा. कधी मिरवणुकीत खांद्यावर नेतात तसा. एकदा तर मला बघवेना, कारण तो तिरडीवरच्या माणसासारखा दिसत होता.

"बघ की," भूपालदादा म्हणाले. "कुणीतरी खालनं धरलंय असं वाटतंय न्हवं?"

"वाटतंय."

"मला माणूस दिसला की त्याचं वजन दिसतंय आधी. काय करू?"

त्यांनी हार मानली नाही. तालमीत जाऊन पैलवान काढून आणले. पैलवान आणखीच जड आले. मग रोज संध्याकाळी सायकल मारत अंकलीच्या पुलावर जाऊन बसू लागले. तिथून पोरं कृष्णेत उड्या टाकतात. पोरं हवेत असतानाची त्यांनी ढिगानं चित्रं काढली. मी चाळून बघितली. सुंदर होती. पण प्रत्येक चित्रातलं पोर पडत होतं. खाली पाणी काढलेलं नव्हतं, तरी ते पाण्यातच जाणार हे दिसत होतं.

नमुना पाठवायची वेळ आली तेव्हा भूपालदादांनी उडणारी चौकट अकराव्यांदा काढली आणि म्हणाले, "ह्याच्यावर न्हाई येत मला. पाठव."

पंधरा दिवसांनी सरांनी आम्हाला बोलावून घेतलं. फोनवर काही सांगितलं नाही. मला ते शुभ वाटलं. वाईट बातमी फोनवर सांगतात, असा माझा हॉस्पिटलातला अनुभव होता.

त्या दिवशी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. सरांनी चहा मागवला. प्यायला लावला. मग म्हणाले, "गोष्ट मंजूर झाली. एक शब्द बदलायचा नाही, हे मी मालकांकडून कबूल करून घेतलंय."

मी भूपालदादांच्या हाताला हात लावला. त्यांनी कप खाली ठेवला.

"आणि चित्रं?" त्यांनीच विचारलं.

सर टेबलावरची पेनं सरळ करत बसले. "मगदूम, तुमच्या व्हरांड्याच्या पानांसारखं काम सूर्यरथमध्ये आजवर झालेलं नाही. हे मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, आम्ही व्हरांडा विकत नाही, उल्कावीर विकतो. आणि तो उडालाच पाहिजे."

"बरोबर हाय त्यांचं," भूपालदादा म्हणाले.

"चित्रं आमच्या स्टुडिओतली मुलं काढतील. गोष्ट जयमालाची. नाव ठळक येईल."

"कशी काढल्यात, बघू?"

सरांना दाखवायचं नव्हतं. भूपालदादांनी हात पुढेच धरला, म्हणून त्यांनी खणातून एक पान काढलं. तेच पान, आमच्या गोष्टीचं, दुसऱ्या कुणीतरी काढलेलं. उल्कावीर वरून उतरत होता आणि खरंच उडत होता, वाऱ्याला टेकून निवांत. खाली व्हरांडा होता. व्हरांड्यातली माणसं कवायतीच्या मैदानावरची वाटत होती. बायक्काचे दंड पैलवानासारखे होते.

भूपालदादा खालच्या माणसांकडे बघतच नव्हते. "झकास उडवलाय," ते म्हणाले. "बघ जयू, गुडघा कसा मुडपलाय. मला ते सुचलंच न्हाई." मग पान सरांना परत देत उठले. "मी जरा पाणी पिऊन येतो."

दार लोटलं गेल्यावर मी सरांना सांगितलं, "मग आम्ही नाही करत."

"जयमाला, असं तडकाफडकी बोलू नका."

"तुम्ही आम्हाला जोडीनं बोलावलं होतंत."

"जोडी मी तुमची आणि उल्कावीरची लावली होती," सर हळू आवाजात म्हणाले. "तुमची दोघांची आधीच होती. ती मोडावी लागेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. घरी जा, विचार करा, तुमच्या आईशी बोला."

"विचार झालाय."

"अशी गोष्ट पुन्हा लिहाल तेव्हा ती छापायला मी या खुर्चीत असेन की नाही, सांगता येत नाही."

मी नमस्कार केला आणि उठले. मला फार हलकं वाटत होतं, एखादं मोठं काम उरकल्यासारखं.

भूपालदादा खाली चहाच्या गाडीजवळ उभे होते. समोर चहाचा ग्लास होता, प्यायलेला नव्हता.

"कधी द्यायचीय गोष्ट?" त्यांनी विचारलं.

"मी नको म्हणून आले."

"काय?"

"म्हटलं, दोघं असू तरच. नाहीतर नको."

मला वाटलं होतं ते हसतील. निदान डोळ्यांत पाणी तरी येईल. त्यांनी ग्लास गाडीवर इतक्या सावकाश ठेवला की मला भीती वाटली.

"कुणाला विचारून?"

"त्यात विचारायचं काय, दादा?"

"माझं नाव घेऊन नको म्हणालीस?"

"आपल्या दोघांचं घेतलं."

"मी पाणी प्यायला का बाहेर आलो? तुला हो म्हणता यावं म्हणून आलो. समोर मी बसलो असतो तर तू लाजली असतीस, म्हणून उठलो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझं गेलं ते मी सोसलं असतं. बोर्ड रंगवणारा माणूस मी, माझं किती येळा गेलंय. पण तुझं माझ्यापायी गेलं, हे आता मी कुठं ठेवू, जयू? रोज सकाळी उठलं की आधी हेच दिसणार मला."

मी म्हणाले, "माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही हेच केलं असतंत."

त्यांनी त्यावर विचार केला. "केलं असतं," ते म्हणाले. "मग तूच माझ्यावर चिडली असतीस."

मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर ते "येतो" म्हणाले आणि त्यानंतर आलेच नाहीत. हॉस्पिटलची खिडकी त्यांच्या रोजच्या वाटेवर होती. वाट बदलली असावी. मी गिरणीवर दोनदा जाऊन आले, खोलीला कुलूप होतं.

महिन्याभरानं त्रिशलावहिनी माझ्या खिडकीपाशी रांगेत उभ्या दिसल्या. मला वाटलं काही दुखतंय खुपतंय. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, "केसपेपर नको. ते मुंबईला गेलेत. तुम्हाला सांगू नको म्हणालेत, म्हणून सांगायला आले."

"मुंबईला कशाला?"

"उडवायचं शिकायला," वहिनी म्हणाल्या. नेहमीच्या सुरात, जसं काही लोक शिवण शिकायला जातात. "त्या कारखानीस साहेबांच्या हातापाया पडून स्टुडिओत लागलेत. दुसऱ्यानं काढलेल्या रेघांवर शाई फिरवायची. एकदा हात बसला की जयूची गोष्ट घेऊन मालकांपुढं उभा राहतो, मग बघू कोण नको म्हणतंय, असं म्हणालेत. तोवर तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

मागचा माणूस ओरडायला लागला. वहिनी बाजूला झाल्या आणि गेल्या.

मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "गोष्ट माझ्या कपाटात आहे. दुसऱ्या कुणाला देणार नाही. माणूस फार मेहनत करतोय हो." मग मी भूपालदादांनाच फोन केला. वहिनींनी सांगितलं म्हटल्यावर आधी चिडले, मग बोलू लागले. तिथून पुढे रविवारी त्यांचे फोन यायचे. आधी शाई, मग नुसत्या इमारती, मग ढग. ढग काढायला बरे असतात म्हणाले. मग अंगरख्याच्या चुण्या. स्टुडिओतली मुलं त्यांना काका म्हणत आणि शिकवत. खांदा असा रुंद, कंबर अशी बारीक, पाठीला बाक द्यायचा नाही, टाच कधीही टेकवायची नाही. बसलेला माणूस असला तरी तो आता उठणार असं वाटलं पाहिजे.

"आणि ते वजनाचं?" मी एकदा विचारलं.

"ते विसरायचंय," ते म्हणाले. "रोज थोडं विसरतोय."

एका रविवारी फोन आला तेव्हा ते लहान पोरासारखे बोलत होते. "जयू, आज उडाला माझा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खालनं कुणी धरलेलं न्हाई, देवाशपथ. आता उद्या तुझी गोष्ट घेऊन जातो."

मी हॉस्पिटलातल्या सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग मीच केला. कारखानीस सरांना दोन आठवड्यांपूर्वी घरी बसवलं होतं आणि भूपालदादांनी ते मला सांगितलं नव्हतं. नव्या संपादकाला त्या योजनेचं काहीच माहीत नव्हतं. नागपूरचा मुलगा कधीच परत गेला होता, गोव्याच्या बहिणींची पानं छापलीच गेली नव्हती. नव्या साहेबानं माझी गोष्ट उभ्याउभ्या चाळली आणि म्हणाला, हॉस्पिटल चालत नाही, लोकांना घरचंच आजारपण पुष्कळ असतं. पण हात चांगला आहे तुमचा. उल्कावीर तुम्हीच काढा. गोष्ट आमच्याकडे तयार आहे.

"काय गोष्ट आहे?" मी विचारलं.

"दुसऱ्या ग्रहावरनं एक लोखंडी राक्षस येतोय," भूपालदादा म्हणाले. "मी नको म्हणणार होतो. पण तुला इचारून मग नको म्हणावं म्हटलं."

मी म्हणाले, "नको म्हणू नका."

त्यांनी तीन वर्षं उल्कावीर काढला. मी प्रत्येक अंक स्टँडवरून घेत होते. शेवटच्या पानाच्या खाली बारीक अक्षरात 'चित्रे : बी. मगदूम' असं असायचं. उल्कावीर इतका छान कधीच उडाला नव्हता, हे मला चित्रातलं काही कळत नसतानाही कळत होतं. त्या अंकांमध्ये कुणी कशासाठी थांबत नसे. मग सूर्यरथनं छपाई बंद केली. उल्कावीर दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर उरला, त्यासाठी जुनी चित्रं पुरेशी होती. स्टुडिओतल्या मुलांना एका शनिवारी हिशेब देऊन मोकळं केलं आणि भूपालदादा मिरजेला परत आले. केस पुष्कळ पिकले होते. बाकी तब्येत बरी होती.

'व्हरांडा'चा सातवा अंक निघाला नाही, हे इथंच सांगून टाकते. भूपालदादा आज बाजारात फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतात, वाढदिवसाच्या पुढाऱ्यांच्या मागं सूर्यकिरणं घालतात. मी अजून हॉस्पिटलातच आहे. रस्त्यात भेटलो की थांबतो, वहिनींची, माझ्या आईची चौकशी करतो. पण सातवा अंक काढायला आम्ही बसलो होतो. ते परतले त्याच्या दुसऱ्याच रविवारी, सकाळी.

गिरणीवरची खोली वहिनींनी झाडून ठेवली होती. मी मधल्या काळात गोष्ट लिहून ठेवली होती. बायक्काला ताप येतो. ज्यांच्या ज्यांच्यासाठी ती जागली ते सगळे बरे होऊन किंवा न होऊन आपापल्या गावी गेलेले असतात. व्हरांड्यात नवी माणसं असतात. पहिल्या चौकटीत बायक्का भिंतीला पाठ लावून बसलेली असते, बाकी काही नाही. मी वाचून दाखवलं. भूपालदादांनी डोळे पुसले आणि पेन्सिलीला टोक केलं.

"ही तर झोपेत काढीन मी," ते म्हणाले.

गिरणी बंद होती. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. त्यांनी डोकं काढलं, पदर काढला, खांदे काढले, आणि थांबले. खोडलं. पुन्हा काढलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. खोडरबराचा आवाज पुन्हा आला.

"जयू, तू बस बघू तशी."

मी भिंतीला टेकून फरशीवर बसले. गुडघे जवळ घेतले, हात सैल सोडले, दिवसभर खिडकीसमोर माणसं बसलेली बघते तशी. ते माझ्याकडे एकटक बघत होते. बघून बघून काढत होते. बराच वेळ गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

"बघू?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी कागद वळवला. म्हातारी होती. सुरकुत्या होत्या, पदर होता, सगळं होतं. पाठ ताठ होती. मान वर, हनुवटी पुढे. खांदे रुंद, आणि टाचा जमिनीपासून जराशा उचललेल्या.

"टाचा टेकवा," मी म्हणाले.

त्यांनी टाचा खोडून टेकवल्या. मग गुडघे तसे दिसेनात. गुडघे बदलले. मग कंबर. त्यांनी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं एक काढली. रेघ थरथरली, पण बाई तीच आली.

भूपालदादांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात पिठाची धूळ तरंगत होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

"ती बसत न्हाई गं," ते म्हणाले.

"आज राहू दे. पुढच्या रविवारी बघू."

"हां," ते म्हणाले. "बघू."

तेवढ्यात जिन्यावर वहिनींची पावलं वाजली. त्या चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवायला टेबलावर जागा करताना त्यांचं लक्ष कागदाकडे गेलं आणि त्या मनापासून खूश झाल्या.

"अगं बाई, किती छान आलीय! कुठं निघालीय ही?"

मी चहाचा कप उचलला. भूपालदादा म्हणाले, "बसलीय ती."

वहिनींनी पदराला हात पुसले आणि कागद उजेडात धरून पुन्हा एकदा नीट बघितला.

"हो का," त्या म्हणाल्या.